टाकीमागचं ऊन

फाल्गुन संपत आला की सकाळी खिडकीतून खाली बघायचं नाही, असं मी दरवर्षी ठरवते. आणि दरवर्षी चहाचा कप घेऊन तिथेच उभी राहते.

आमचा टॉवर मुलुंड पूर्वेला. माझी खिडकी पश्चिमेकडची. लांबवर डोंगरांची निळसर रेघ, तिच्या अलीकडे वाढत चाललेली टॉवरांची गर्दी, आणि अगदी पायाखाली जुन्या वसाहतीच्या चार मजली इमारती. आमचीही त्यातलीच एक होती. इतक्या वरून त्या इमारती वाटत नाहीत. कुणीतरी भिजलेल्या चटया ओळीनं पसरून ठेवल्यासारख्या दिसतात. त्यांच्या गच्च्यांवर काळ्या टाक्या, गंजलेल्या डिश, मोडक्या खुर्च्या. आणि या दिवसांत एखाद्या गच्चीवर पसरलेली जुनी साडी आणि तिच्यावर पांढरे ठिपके.

ते ठिपके कसले आहेत हे मला इतक्या वरूनही कळतं. कडा नीट गोल असल्या तर साबुदाण्याच्या पापड्या. कडा विस्कटलेल्या असल्या तर कुरडया. ओळी सरळ असल्या तर सासू हजर आहे, वाकड्या असल्या तर बाई एकटी आहे.

गेल्या आठवड्यात दिसलेली बाई एकटी होती. गाऊनवर टॉवेल टाकलेला, केस तसेच गुंडाळलेले. तिची अख्खी गच्ची सावलीत होती. आमच्या टॉवरच्या सावलीत. पश्चिमेच्या कठड्यालगत उन्हाची एक बारीक पट्टी पडली होती. तिनं साडीची दोन टोकं धरली आणि सगळं वाळवण त्या पट्टीकडे ओढत नेलं. अर्धं उन्हात गेलं, अर्धं सावलीत राहिलं. पुढे कठडा. तिनं कमरेवर हात ठेवून वर बघितलं. माझ्याकडे नव्हे, टॉवरकडे. मी काचेआडून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हटलं, "शिव्या दे गं. दे दोन शिव्या. मी पण दिल्या होत्या."

चहा निवला होता. मी तसाच प्यायले.

वाळवणाचा हंगाम पंचांगात कुठे लिहिलेला नसतो. होळीच्या राखेचा वास जातो, मुलांच्या परीक्षा सुरू होतात, दुपारी डांबर मऊ व्हायला लागतं आणि एका पहाटे इमारतीच्या जिन्यात गव्हाच्या चिकाचा वास येतो. आंबूस, गोडसर, थोडा ओल्या भिंतीसारखा. कुणाच्या तरी घरात मोठ्या पातेल्यात चीक शिजतोय आणि एक बाई त्यात दोन्ही हातांनी लाटणं फिरवतेय, हे त्या वासावरून सगळ्या इमारतीला कळायचं. मग गच्चीचं दार उघडल्याचा आवाज. सोऱ्याची करकर. कपाळावरचा घाम मनगटानं पुसत एकमेकींवर ओरडणाऱ्या बायका.

"अगं, तो चीक दगड होईल, हात चालव!"

"तू चालव ना, मला कशाला शिकवतेस!"

आमच्या गच्चीवरून तेव्हा पूर्वेला खाडीपर्यंत नजर जायची. मधे मिठागरं होती. चौकोन, चौकोन, चौकोन. काही पाण्यानं भरलेले, काही गुलाबीसर, काही पांढरे पडत आलेले. मला वाटायचं, ही पण बाईच कुणीतरी आहे, आपल्यापेक्षा पुष्कळ मोठी, आणि तिनं आपलं वाळवण आपल्या आधीच घातलंय. तिच्यावर मात्र कुणाची सावली पडत नव्हती. त्या बाजूला सूर्य उगवतो तिथपर्यंत आडवं येणारं काही नव्हतंच. सूर्य थेट खाडीतून वर यायचा, मिठागरांवरून सरकत यायचा आणि आमच्या गच्चीवर पोचला की पहिला लागायचा पाण्याच्या टाकीला.

ती टाकी सिमेंटची. खोलीएवढी. गच्चीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात, चार बुटक्या खांबांवर. तिच्या मागे, म्हणजे पश्चिमेला, थोडी जागा होती आणि मग जिन्याची खोली. टाकी आणि जिना यांच्यामधला तो तुकडा माझा.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला म्हाडाची सोसायटी म्हणजे काय, हेही माहीत नव्हतं. आमचं गाव जळगावकडचं. नवऱ्याचं, दिनकर सोनवणेचं, नाव लॉटरीत लागलं होतं. त्या इमारतीत कोकणातले लोक जास्त. बहुतेकांच्या घरात सासरा किंवा आजोबा गिरणीतून उठलेला. आम्ही बौद्ध. दाराच्या समोरच्याच भिंतीवर बुद्धाची तसबीर, त्यामुळे कुणाला काही विचारावं लागलं नाही. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना कळलं. कुणी काही बोललं नाही. मुंबईत कुणी बोलत नाही.

पहिल्या हंगामात मी चीक घेऊन वर गेले. गच्ची भरलेली. शेजारच्या परबकाकी मधोमध बसल्या होत्या, त्यांच्या हिरव्या काठाच्या साडीवर तांदळाच्या फेण्या. काकी म्हणजे आमच्या मजल्याचा आवाज. मोठ्या मनाच्या, मोठ्या तोंडाच्या. माझी मुलगी तापानं फणफणली तेव्हा रिक्षा थांबवून तिला डॉक्टरकडे घेऊन पळाल्या त्या याच काकी. हे मी मुद्दाम लिहिते. राग आहे म्हणून खोटं लिहिणार नाही.

काकी म्हणाल्या, "गो रंजना, थंय टाकयेमागे घाल तुझा. थंय वारो लागना नाय, कावळे पण येनत नाय."

मला बरं वाटलं. नवी सून, कुणीतरी जागा दाखवली, वर कावळ्यांची काळजी केली. मी टाकीमागे गेले, साडी पसरली आणि कुरडया घातल्या. ऊन कुठे होतं? येईल. सूर्य वर चढेल तसं येईल.

ऊन दुपारी आलं. टाकीची सावली आखडत आखडत तिच्या पायाशी गेली तेव्हा. आणि पुरतं तापायच्या आत जिन्याच्या खोलीची सावली दुसऱ्या बाजूनं यायला लागली. कुरडईला पहिल्या दिवशीचं सकाळचं ऊन लागतं. तेवढं मिळालं नाही की ती आतून आंबते. वरून पांढरीशुभ्र दिसते, पण तळताना वास सांगतो.

दुसऱ्या वर्षी मी पहाटे सगळ्यांच्या आधी वर गेले. मोकळ्या जागेत साडी पसरली. खाली जाऊन पातेलं घेऊन आले तर माझी साडी टाकीमागे. सुरकुती न पाडता, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून, नीट हलवलेली. सगळ्या कामात. कुणीही वर बघेना.

"माझी साडी कुणी हलवली?"

"अगं, तिथे राणेंच्या आईंचं असतं ना दरवर्षी," एकजण म्हणाली.

"गच्चीवर नाव लिहिलंय?"

"उगाच भांडू नकोस सकाळी सकाळी. ऊन काय कुणाच्या मालकीचं आहे का गं?"

मी भांडले. जिन्यातून लोक वर आले इतकी भांडले. राणेंचा मुलगा, जो पुढे आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी झाला, तो दुपारच्या पाळीला जायच्या घाईत गच्चीवर आला. तोवर दुपार होत आली होती आणि टाकीमागे लख्ख ऊन. तो हसला. "वहिनी, हे काय ऊनच ऊन आहे की! कुठे आहे सावली?"

हीच माझी गोची होती. सावली पुरावा ठेवत नाही. ज्यांना सकाळी बघायला सांगावं त्यांना सकाळी वेळ नसतो, आणि वेळ मिळेपर्यंत ती निघून गेलेली असते. घरी येऊन मी दिनकरला म्हटलं, बघ, बघ काय करतात. तो पेपर वाचत होता. "जाऊ दे ना, रंजना." त्याचं ठरलेलं वाक्य. तो शांत माणूस होता आणि त्याच्या शांतपणाचा मला त्या इमारतीपेक्षा जास्त राग यायचा.

मग एक नवीन गोष्ट सुरू झाली. सणावाराला ताटल्या जायच्या एकमेकींकडे. माझी ताटली परबकाकींकडून परत यायची ती स्वच्छ धुऊन, रिकामी. रिकामी ताटली परत करायची नसते, निदान साखरेची चिमूट तरी टाकायची, हे काकींनीच मला शिकवलं होतं. एकदा जिन्यात दोघी बोलत होत्या, मी वरून उतरत होते. "सोनवणेबाईंच्या कुरडयांना वास येतो गं." "हो ना. त्यांच्याकडची पद्धतच वेगळी असेल."

पद्धत. जागा त्यांनी दिली, सावली टाकीनं दिली, आणि वास मात्र माझ्या पद्धतीचा.

त्या दिवसापासून माझं डोकं जे तापलं ते आजतागायत पूर्ण उतरलेलं नाही. पण तापलेल्या डोक्यानं माणूस कामही करतो. मी भांडुपला एका गॅरेजवाल्याशी बोलले. त्याच्या शेडवर पत्रा होता. पत्रा म्हणजे तवाच. त्याला म्हटलं, तुझ्या पत्र्यावर दिवसभर नुसतं ऊन पडून वाया जातं, मला वापरू दे. तो म्हणाला, "पागल हो क्या, बाई? ऊपर चढेगी कैसे?" म्हटलं, शिडी माझी, चढेन मी, तू फक्त हो म्हण. पत्र्यावर लाकडी चौकटी, चौकटींवर कापड, कापडावर कुरडया. सकाळी घातलेली संध्याकाळी वाजायची. तो आवाज कुणी ऐकलाय का? चांगली वाळलेली कुरडई डब्यात टाकली की सुक्या पानासारखी वाजते.

घाटकोपरच्या एका दुकानदाराकडे पहिल्यांदा माल घेऊन गेले. त्यानं एक पापड उचलून उजेडात धरला. "बहोत पतला है, बेन. टूटेगा."

"टूटेगा तो पूरा माल उठा के ले जाऊंगी. आणि नाही तुटला तर तुम्ही पुढच्या खेपेला दुप्पट घ्यायचा. बोला."

"इतना गुस्सा करके धंदा करोगी?"

"गुस्सा माल में नहीं है. खाके देखो."

तो हसला. त्यानं मला जात विचारली नाही, जाडी विचारली. धंद्यात मला पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला तो तिथे. पत्र्याची शेड गेली, पुढे माझा स्वतःचा गाळा झाला, वाळवायचं मशीन आलं, बायका कामाला आल्या. आता मला गच्चीची गरज उरली नव्हती.

तरीही दर हंगामात मी एक साडी टाकीमागे पसरायचे. थोड्याच कुरडया, वाळल्या तर वाळल्या. दिनकर म्हणायचा, "गाळ्यात मशीन आहे, तू वर कशाला चढतेस?" त्याला काय सांगणार? वाईट जागासुद्धा सोडली की ती आपली कधी नव्हतीच, असं होतं.

इमारत पडायला आली तेव्हा सगळ्यांना माझी जीभ आठवली. तोवर ज्या तोंडाला तोंडाळ म्हणत होते, तेच तोंड बिल्डरसमोर पुढे केलं. "सोनवणे वहिनी, तुम्हीच बोला. तुमच्यापुढे तो टिकणार नाही." राणे सेक्रेटरी माझ्यासाठी खुर्ची ओढायला लागला. परबकाकी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "सोडू नको त्येका." मी सोडलं नाही. बिल्डरचा माणूस एसीत घामाघूम व्हायचा. जागा, मजले, भाडं, पार्किंग, खिडकीच्या सळया, लिफ्टचा आकार, सगळ्यावर भांडले. मला ते आवडत होतं, खोटं कशाला बोलू. माझ्या टेम्पोसाठी लिफ्टजवळची पार्किंगची जागासुद्धा मी तशीच ओढून आणली.

शेवटी म्हटलं, "आणि गच्ची. नव्या इमारतीच्या गच्चीवर वाळवणाला मोकळी जागा हवी. सगळ्यांना सारखं ऊन मिळेल अशी. आखून, लिहून."

खोलीत हशा पिकला. बिल्डरचा माणूस हसला हे समजू शकते. पण राणे हसला, त्याची बायको हसली. "वहिनी, आता कोण घालतं वाळवण? सगळं ऑनलाइन मिळतं. तुमचंच तर मिळतं!" परबकाकीपण हसल्या, पदर तोंडाला लावून. मी सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. विषय पुढे गेला.

मग शेवटचा हंगाम आला. सगळ्यांना माहीत होतं की शेवटचा. ज्यांनी वर्षानुवर्षं वाळवण घातलं नव्हतं त्यांनीही घातलं. गच्ची नुसती फुलली होती. मिरच्या, फेण्या, सांडगे, पापड. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या, कारण बिल्डरनं ड्रोनवाला पाठवला होता. पाडण्याआधी इमारतीचे वरून फोटो काढतात म्हणे.

ड्रोनवाला शिर्के नावाचा, पन्नाशीचा, आधी लग्नाचे व्हिडिओ काढायचा. गळ्यात रिमोट अडकवून तो रस्त्यावर उभा होता. मोठ्या माशीसारखा आवाज करत ते यंत्र कठड्याच्या वर आलं तेव्हा कावळे ओरडत उडाले आणि बायका लहान मुलींसारख्या हात हलवायला लागल्या. परबकाकी मला हाका मारत होत्या, "गो रंजना, हंय ये! फोटोत ये गो!"

मी माझ्या जागेवर होते. टाकीमागे, सावलीत, चीक संपत आलेला सोऱ्या हातात. सकाळची वेळ. मी हलले नाही. म्हटलं, ज्याला माझा फोटो हवा असेल त्यानं तो इथे काढावा.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. सरळ वरून काढलेला. मी चष्मा लावला आणि खुर्चीत बसले.

मधोमध काकींची हिरव्या काठाची साडी, तिच्यावर फेण्यांच्या ओळी. शेजारी राणेंचं भलंमोठं वाळवण. लाल मिरच्यांचा चौकोन. हात वर केलेल्या बायका, त्यांच्या लांब बारीक सावल्या. सगळी गच्ची उन्हात न्हालेली, एक तुकडा सोडून. टाकीपासून जिन्यापर्यंत काळीभोर सावली, पट्टी लावून आखल्यासारखी सरळ. आणि त्या काळ्यात एक फिकट डाग. माझी साडी. ती तिथे आहे हे मला माहीत होतं म्हणून मला दिसली. तिच्याजवळ एक आणखी काळा ठिपका, ते माझं डोकं असावं.

जे मी जिन्यात, मीटिंगात, स्वयंपाकघरात ओरडून सांगत होते ते इतकं साधं होतं. गच्चीवर उभं राहून ते कधी एका नजरेत मावलंच नव्हतं. वरून बघितलं की कुणाचं काय कुठे आहे, आणि कोण कुठे आहे, ते दोन सेकंदांत दिसत होतं. मी दिनकरला फोटो दाखवला. त्यानं बराच वेळ बघितला. "जाऊ दे ना" म्हणाला नाही. फोन माझ्या हातात परत दिला आणि आतल्या खोलीत गेला.

ग्रुपवर मेसेज येत होते. किती गोड. आठवणी. डोळ्यांत पाणी आलं. मी लिहिलं, "टाकीची सावली बघा." राणेनं त्याला अंगठा दिला. कुणीतरी हात जोडले. त्याखाली वाढदिवसाचा केक आला.

मी शिर्केला शोधून काढलं. त्याच्याकडे मोठा, मूळ फोटो होता. म्हटलं, ही वेळ सकाळचीच कशी काय निवडली?

"ताई, दुपारी बाराला ड्रोन उडवला ना, की इमारत चपाती दिसते. सावली नसली की उंची कळत नाही. म्हणून आम्ही सकाळचं नाहीतर संध्याकाळचं ऊन धरतो." मग स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला, "फक्त हा कोपरा वाईट आलाय. पण काळजी नको, ही सावली मी उजळतो. एका मिनिटाचं काम आहे. खालचं सगळं दिसेल."

"हात लावायचा नाही."

"अहो, चांगलं दिसेल."

"शिर्के, हात लावलात तर माझ्याइतकं वाईट कुणी नाही."

तो घाबरला बिचारा. त्याचा काही दोष नव्हता. चांगलं दिसावं असंच सगळ्यांना वाटतं.

मग भाड्याच्या घरातली वर्षं. बिल्डर दर महिन्याला शिर्केचा व्हिडिओ पाठवायचा, काम कुठवर आलंय ते दाखवायला. आमची इमारत होती तिथे आधी पिवळा खड्डा. पावसाळ्यात खड्ड्यात हिरवं पाणी. मग सळयांचं जंगल, मग एकावर एक स्लॅब. ड्रोन वर जाऊन गोल फिरायचा आणि आजूबाजूची वसाहत दिसायची. दर महिन्याला तिच्यातली एखादी इमारत कमी, एखादा खड्डा जास्त. मिठागरांचे चौकोनही कोरडे पडत चालले होते. त्यांच्या कडेनं रस्ते, क्रेन. लोक त्या व्हिडिओत आपला मजला शोधायचे. मी सावली शोधायचे. इमारत वाढत होती तशी सकाळची सावली शेजारच्या गच्च्यांवर लांब होत होती. आधी एक गच्ची, मग दोन. कुणाला सांगणार? आमच्या टॉवरची उंची मीच भांडून वाढवून घेतली होती. दिनकर त्याच घरात गेला, भाड्याच्या. नव्या घराची किल्ली त्यानं बघितली नाही.

नव्या इमारतीची गच्ची कुलूपबंद आहे. वर सोलर पॅनेल, खोटं हिरवं गवत, दोन बाकं. नियमांची पाटी: इथे कपडे व खाद्यपदार्थ वाळत घालू नयेत. आता खरोखरच सगळ्यांना सारखं ऊन मिळतं. कुणालाच नाही.

मागच्या वर्षी कमिटीनं ठरवलं की खालच्या लॉबीत जुन्या गच्चीचा तो फोटो मोठा करून लावायचा. राणे नमुना घेऊन आला. सुंदर फ्रेम, रुंद, बसकी. आणि फोटोत टाकी नव्हती. जिना नव्हता. फोटो फ्रेमच्या मापात बसवायला पूर्वेची कड कापली होती. गच्ची लख्ख, सगळ्या हसताहेत, सावलीचा ठिपका नाही.

"बाकीचा कुठे गेला?"

"कसला बाकीचा? टाकी? घाण दिसत होती वहिनी, शेवाळलेली."

"पूर्ण लावायचा. न कापता."

"फ्रेम बनून आलीये हो! तुम्ही पण ना! फोटो आहे तो, सातबारा नाही."

"माझा सातबाराच आहे तो."

तो हसायला लागला आणि मग माझा चेहरा बघून थांबला. तो मूर्ख नाही. त्याला कळलं. पण कळलं हे त्यानं दाखवलं नाही. घड्याळ बघितलं आणि म्हणाला, नवी फ्रेम, पुन्हा छपाई, कमिटीला कोण समजावणार, तुम्हीच सांगा. मला भाव करणाऱ्याची नजर ओळखता येते. त्याच्या गाडीला लिफ्टजवळची जागा कधीपासून हवी होती.

"माझी पार्किंगची जागा घे," मी म्हटलं. "टेम्पो मी मागे लावीन. फोटो पूर्ण लागला पाहिजे. एक बोट कापायचा नाही, उजळायचा नाही."

आयुष्यात मी पहिल्यांदा समोरच्याच्या पहिल्या शब्दावर सौदा केला. घासाघीस नाही, उठून जायचं नाटक नाही. माझ्या मुलीनं फोनवर विचारलं, "आई, तुला वेड लागलंय का?" लागलं असेल.

फोटो लागला. लोक थांबतात, आपापलं शोधतात. हे आमचं. ही आजी. या मिरच्या मावशीच्या. लहान मुलांना कडेवर उचलून दाखवतात. बाकीच्या सगळ्या कडा बघून होतात. टाकीच्या बाजूला कुणाची बोटं जात नाहीत. मी लिफ्टची वाट बघत उभी असते, पिशवी या हातातून त्या हातात घेते. कुणी विचारेल का, हा काळा तुकडा कसला? कुणी विचारत नाही. मला वाटलं होतं पुरावा असला की खटला उभा राहतो.

गेल्या आठवड्यात, त्या गाऊनवाल्या बाईला बघितलं त्याच दिवशी संध्याकाळी, परबकाकी लॉबीत बसल्या होत्या. आता त्यांना फार कमी दिसतं. सून त्यांना खाली आणून सोफ्यावर ठेवते आणि फोनवर बोलत फिरते. माझ्या चपलांचा आवाज त्यांना अजून ओळखता येतो.

"रंजना काय गो? सगळी म्हणतत फोटो लय बरो असा. माका दाखय गो. माझा खंय असा?"

मी त्यांना उठवलं. हलक्या झाल्यात, वाळलेल्या. काचेपाशी नेलं. त्यांचा हात धरला आणि बोट मधोमध टेकवलं. "इथे. हिरवा काठ. फेण्या आहेत."

त्या बोटावर वाकल्या. नाक काचेला लागलं. हळूच हसल्या. "ऊन किती पडला असा! दिसता माका. पांढरा दिसता." मग म्हणाल्या, "आणि तुझा? तुझा खंय?"

इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मी त्यांचं बोट काचेवरून सरकवत नेलं, फेण्यांवरून, मिरच्यांवरून, हात हलवणाऱ्या बायकांवरून, टाकीपर्यंत. आणि तिच्या मागे थांबवलं.

काकींनी पुष्कळ वेळ बघितलं. बोट जरा इकडे केलं, जरा तिकडे. दुसऱ्या हाताच्या पदरानं काच पुसून बघितली.

"हंयसर तर काळोखच असा गो," त्या म्हणाल्या. "काय दिसणा नाय."

मी त्यांचा हात तिथून काढला नाही. लिफ्ट आली, दार उघडलं, पुन्हा मिटलं.